कयाकवरचा कॅमेरा आणि काचेवर पाणी न ठरू देणारे द्रावण: एक परीक्षण

मोटारीच्या पुढच्या काचेवर पावसाचे पाणी ठरू नये म्हणून बाटलीतून जे द्रावण विकले जाते, तेच कयाकिंग करताना, म्हणजे अरुंद छोटी होडी वल्हवताना, कॅमेऱ्याच्या काचेला लावावे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. या प्रकारातले सर्वांत परिचित नाव रेन-एक्स हे आहे. परंतु मोटारीच्या सुट्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन त्याच धाटणीची इतरही अनेक द्रावणे मिळतात, आणि मी वापरले ते त्यांपैकीच एक, चारशे रुपयांच्या आतले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप त्या कंपनीवर नसून हे द्रावण या कामासाठी सुचवले जाण्यावर आहे. देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत आणि कोलाडला कुंडलिकेच्या पात्रात, म्हणजे एकदा खाऱ्या, संथ पाण्यात आणि एकदा गोड्या, उसळत्या पाण्यात, मी ते वापरून पाहिले आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: संथ पाण्यात वल्हवणाऱ्याने केवळ कॅमेऱ्यासाठी ही बाटली विकत घेऊ नये. मात्र ती का चालत नाही हे समजून घेतले, तर जे चालते ते आपोआप सापडते, आणि त्यासाठी जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की कयाकवर काचेला लागणारे पाणी येते कुठून. पाऊस किंवा लाट ही त्याची कारणे क्वचितच असतात. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. एक पाते पाण्यात ओढले जात असताना दुसरे हवेत उंच गेलेले असते आणि त्यावरून निथळणारे पाणी दांड्यावरून घरंगळत हाताकडे येते. त्यातले काही मांडीवर गळते आणि समोरून वारा असेल तर बारीक तुषारांच्या रूपात छातीवर येते. लाइफ जॅकेटवर छातीशी लावलेला कॅमेरा नेमका त्याच वाटेत असतो. हे थेंब लहान असतात, बहुतेक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, आणि ते एकदम न येता वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक-दोन असे येत राहतात. पुढचे सगळे विवेचन थेंबाच्या या लहानपणावर अवलंबून आहे.

मोठ्या कॅमेऱ्याच्या रुंद लेन्सवर एखादा थेंब पडला तर चित्राचा एक कोपरा किंचित धूसर होतो आणि पुष्कळदा ते लक्षातही येत नाही. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची, म्हणजे खेळताना-भटकताना अंगावर लावायच्या छोट्या कॅमेऱ्याची, गोष्ट वेगळी आहे. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा काही मिलिमीटरचा, दृष्टिक्षेत्र अतिशय रुंद आणि भिंगापासून संरक्षक काचेचे अंतर नगण्य. अशा काचेवर मधोमध बसलेला एकच थेंब स्वतःच एक छोटे भिंग होऊन बसतो आणि चित्राचा मोठा भाग वितळल्यासारखा दिसू लागतो. त्यात गंमत अशी की वल्हवणाऱ्याला हे त्या वेळी कळत नाही, कारण पडदा त्याच्याकडे नसतो. घरी येऊन पाहावे तर तासाभराच्या चित्रीकरणात खाडी, कांदळवन आणि बगळे यांच्या मधोमध तोच एक डाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठाण मांडून बसलेला असतो.

आता द्रावणाकडे वळू. ही द्रावणे म्हणजे स्थूलमानाने अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सिलिकॉन जातीचे बहुवारिक (पॉलिमर). बाटली उघडताच स्पिरिटचा वास येतो. काच स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडी करून, कापसाच्या बोळ्याने पातळ थर द्यायचा, तो वाळून काचेवर पांढरट झाक आली की ओलसर फडक्याने ती पुसून काढायची आणि पुन्हा एकदा तेच करायचे, अशी कृती आहे. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या एवढ्याशा चौकोनी काचेवर ही झाक पूर्ण पुसली जाणे सोपे नाही. काच आणि चौकट जिथे मिळतात त्या सांदीत ती हटकून उरते आणि सूर्य समोर असला की चित्रात दुधाळ वलय होऊन उमटते. कान साफ करायच्या काडीने ती सांदी कोरून घ्यावी लागते. नंतर नळाखाली धरले की दृश्य मात्र फार सुखावह असते: पाणी काचेला धरतच नाही, गोल मणी होऊन पळते. विकत घेणारा खूश होतो तो याच क्षणी, आणि ऑनलाइन दाखवली जाणारी प्रात्यक्षिकेही बहुधा इथेच संपतात.

खाडीत गेल्यावर चित्र पालटते. नळाचे पाणी भरपूर असते, त्याला वजन असते आणि वेग असतो. वल्ह्यावरून आलेल्या थेंबाला यांतले काहीच नसते. तो काचेवर मणी होऊन बसतो हे खरे, पण बसतो आणि बसूनच राहतो. थेंबाला खाली ओढणारे वजन त्याच्या आकाराच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर काचेला धरून ठेवणारी ओढ त्याच्या रुंदीच्या प्रमाणात. त्यामुळे मोठा थेंब उभ्या काचेवरून घसरतो आणि दोन मिलिमीटरच्या आतला, द्रावण कितीही चांगले असले तरी, बहुधा जागचा हलत नाही. मोटारीवर हेच द्रावण उपयोगी पडते ते महामार्गाच्या वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे. कयाकचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. त्या वाऱ्याने थेंब ढकलला जाणे शक्य नाही. शिवाय मणी जितका अधिक गोल तितका तो प्रकाशाला अधिक वाकवतो, म्हणजे उघड्या काचेवर पसरट बसून थोडे खराब केले असते तेच चित्र आता तो अधिक नेटाने खराब करतो.

इथे कुणी अळवाच्या पानाचा दाखला देईल. अळवावरचे पाणी टिकत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको. पण त्या पानाची करामत केवळ मेणाची नाही. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचा आणखी बारीक थर असतो आणि पाण्याचा थेंब त्या टोकांवर, खाली हवा ठेवून, अधांतरी टेकलेला असतो. म्हणून तेथे थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन 150 अंशांच्या पुढे जातो आणि लहान थेंबही घरंगळतो. गुळगुळीत काचेवर लावलेल्या सिलिकॉनने हा कोन शंभर ते 110 अंशांच्या आसपासच थांबतो. काचेला अळवासारखे खडबडीत करायचे तर ती प्रकाश विखुरणार नाही आणि फडक्याने पुसली तरी टिकेल, अशा बेताने करावी लागते. चारशे रुपयांच्या बाटलीकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कुंडलिकेवर या द्रावणाने बरी कामगिरी केली. तेथे सकाळी धरणातून पाणी सोडले जाते आणि त्यावर राफ्टिंगचा सगळा दिवस चालतो; पात्रातल्या खळाळांत पाणी ओंजळी-ओंजळीने तोंडावर आदळते. असा लोंढा काचेवरून जाताना आधीचे बारीक मणीही आपल्याबरोबर ओढून नेतो आणि काच पुष्कळ अंशी मोकळी होते. तरीही खळाळ संपून पाणी संथ झाले की मागे उरलेले दोन-चार मणी तसेच राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस शांतपणे चित्रण करायला लागतो. याच तत्त्वावरचा मुलामा काही कॅमेऱ्यांच्या काचेवर आता कारखान्यातूनच दिलेला असतो. अ‍ॅक्शन कॅमेरे बनवणाऱ्या गोप्रो कंपनीने 2021 च्या हीरो 10 ब्लॅकवर पाणी झटकणारे काचेचे कव्हर दिले. त्याआधी 2020 च्या हीरो 9 वर हे कव्हर बदलता येण्याची सोय परत आली होती. लाटेत उडी घेणाऱ्या सर्फरसाठी हे योग्यच आहे, कारण त्याच्या कॅमेऱ्यावरून पाणी सतत धो धो वाहत असते.

मग संथ पाण्यात करायचे काय? उत्तर बरोबर उलट दिशेला आहे. पाण्याला काचेपासून पळवून लावण्याऐवजी त्याला काचेवर सपाट पसरू द्यायचे. थेंब चित्र बिघडवतो तो त्याच्या फुगीरपणामुळे. तेच पाणी एकसारख्या पातळ पडद्यासारखे पसरले तर प्रकाश त्यातून जवळजवळ सरळ निघून जातो आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अगदी स्वच्छ काचेवर पाणी मुळात असेच पसरते. बोटांचा तेलकटपणा आणि सनस्क्रीन यांमुळे ते मण्यांत गोळा होते. काचेला पाण्याची अशी ओढ लावण्याचा प्रयत्न उद्योगांनीही केला आहे. टायटॅनियम डायॉक्साइडचा थर अतिनील प्रकाशात ठेवला की त्यावर पाणी पूर्ण पसरते, हे जपानी संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिले, आणि पावसात स्वच्छ दिसणाऱ्या मोटारीच्या आरशांसाठी त्याचा उपयोगही झाला.

कयाकवाल्याला एवढे लांब जायचे कारण नाही. देवबागला कयाक भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांनी माझी पुसापुशी काही वेळ पाहून घेतली आणि शांतपणे म्हटले, “काचेक जरा थुकी लावा, मगे बघा.” पाणबुडे मुखवट्याच्या आतून हेच करतात आणि समुद्रात उतरून लाटांची छायाचित्रे काढणारे डोमवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या घुमटाकार आवरणावर, हेच करतात. लाळेतली म्युसिनसारखी प्रथिने काचेला चिकटून तेथे एक पातळ, पाण्याला धरून ठेवणारा थर तयार करतात. कृती अशी: काच आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन तेलकटपणा घालवलेला असावा. पाण्यात उतरण्यापूर्वी कोरड्या काचेवर थुंकी बोटाच्या पेराने कडेपर्यंत चोळावी, मिनिटभर तशीच राहू द्यावी आणि मग कॅमेरा पाण्यात बुडवून वर काढावा. वर येताच काचेवर क्षणभर पाण्याच्या लाटा उतरताना दिसतात, चित्र हलल्यासारखे होते, आणि दोन सेकंदांत सगळे निथळून काच एकदम निवळते. त्यानंतर वल्ह्याचा थेंब पडला तर मणी होत नाही; पडल्या जागी पसरतो आणि पडद्यात मिसळून जातो. हे पहिल्यांदा जवळून पाहताना मला त्या बाटलीवर खर्च केलेल्या पैशांची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

थुंकीची ज्यांना शिसारी येते त्यांच्यासाठी, आणि मला स्वतःला अधिक पसंत म्हणून, बेबी शॅम्पूचा पर्याय आहे. एका छोट्या बाटलीत थोडा शॅम्पू चौपट-पाचपट पाण्यात मिसळून ठेवावा, त्याचा एक थेंब काचेवर चोळावा आणि हलकेच विसळावे. पूर्ण धुऊन टाकू नये. शॅम्पू पाण्याचे पृष्ठताण कमी करतो आणि परिणाम तोच होतो. खाडीच्या पाण्यात तो थुंकीपेक्षा लवकर धुऊन जातो, त्यामुळे पुन्हा पुन्हा लावावा लागतो. एरवी दोन्ही सारखेच. एक सूचना मात्र गंभीरपणे करतो. काच चाटून ओली करण्याची पद्धत परदेशी चित्रफितींत दिसते. ती आपल्याकडे आणू नये. पावसाळ्यानंतरच्या कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे आणि शहरातून वाहत आलेल्या नद्यांबद्दल तर बोलायलाच नको. थुंकी तोंडातून काचेवर जावी. नदीचे पाणी काचेवरून तोंडात जाऊ नये.

या पद्धतीचीही मर्यादा आहे, आणि ती खाऱ्या पाण्यात ठळकपणे जाणवते. पाण्याचा पडदा ओला आहे तोवरच उपयोगी. भर दुपारी, वारा असताना, तो काही मिनिटांत वाळतो आणि मागे मीठ ठेवून जातो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर एका थेंबात पावणेदोन मिलिग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एवढ्याशा काचेवर तो पांढऱ्या जाळीसारखा दिसतो आणि सूर्याकडे तोंड केले की संपूर्ण चित्रावर धुके पसरते. खाडीत ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी अधिक असल्याने हा त्रास थोडा कमी होतो, इतकेच. उपाय एकच: दर काही मिनिटांनी कॅमेरा पाण्यात बुडवून काढायचा, आणि एखादे महत्त्वाचे दृश्य समोर दिसू लागले की आधी बुडवून मगच बटण दाबायचे. छातीवरचा कॅमेरा यासाठी गैरसोयीचा; हातात धरण्याच्या तरंगत्या मुठीवरचा कॅमेरा सोयीचा. ज्यांना तासन्‌तास सलग चित्रण करायचे आहे आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, त्यांना ही पद्धत जाचक वाटेल, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

अशांनी कॅमेऱ्याची जागा बदलावी. छातीपेक्षा डोक्यावर तुषार कमी पोहोचतात. त्याहून कमी ते कयाकच्या मागच्या टोकाला उभ्या दांडीवर लावलेल्या कॅमेऱ्यावर पोहोचतात, आणि त्यातून वल्हवणारा व समोरचे पाणी दोन्ही चित्रात येतात. वल्ह्याच्या दांड्यावर पात्याच्या अलीकडे बसवायची रबरी कडी, ज्यांना ड्रिप रिंग म्हणतात, तीही अवश्य असावीत. भाड्याच्या वल्ह्यांवर ती पुष्कळदा सरकून हाताजवळ आलेली असतात किंवा नसतातच. निघण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि पात्याच्या बाजूला सरकवावीत. वल्हे उंच उभे न मारता आडवे, पाण्यालगत मारले तर पाते खांद्याच्या वर जात नाही आणि निम्मे शिंतोडे मुळातच उडत नाहीत. जहाजांच्या सुकाणूकक्षात वेगाने फिरणारी गोल काच बसवलेली असते, तिच्यावरून पाणी फेकले जाते; चित्रपटाच्या कॅमेऱ्यांसाठीही तसली यंत्रे मिळतात. पण त्यांना वीज लागते, वजन असते, आणि कयाकवर ती बसवणारा माणूस वल्हवायला आलेला नसावा.

फडक्याविषयी थोडेसे. कोरडे मायक्रोफायबरचे फडके पहिल्या एक-दोन वेळा उत्तम काम करते. एकदा भिजले की ते पाणी टिपण्याऐवजी पसरवते आणि खारे असेल तर मीठही घासते. ते लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवण्याची सवय निरुपयोगी आहे, कारण तो खिसा ओला होणारच. झिपच्या पिशवीत, टोपीच्या आत ठेवलेले फडके अधिक काळ कोरडे राहते. खाऱ्या पाण्यात मात्र पुसण्यापेक्षा बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याची धार सोडणे केव्हाही बरे. आतल्या बाजूने धरणारे धुके हा वेगळाच विकार आहे. त्यावर बाहेरून लावलेल्या कशाचाही परिणाम होत नाही. बॅटरीचे दार दमट हवेत न उघडणे आणि घरी कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवणे एवढेच त्यावर करता येते. 2019 च्या ऑलिंपस टीजी-6 सारख्या, 15 मीटरपर्यंत पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यात यासाठी पुढे दुहेरी काच दिलेली आहे, आणि कयाकवर स्थिर छायाचित्रे काढणाऱ्यांना त्या वर्गातला कॅमेरा मी सुचवेन.

बाटली कुणी घ्यावी, हेही सांगतो. यांत्रिक बोटीवरून किंवा घाटात मोटारसायकलवरून पावसात चित्रण करणाऱ्याला वारा मिळतो, त्याला ती उपयोगी आहे. राफ्टवरून चित्रण करणाऱ्यालाही ती थोडीफार कामी येईल. तीही थेट भिंगावर कधीच लावू नये. भिंगावरच्या परावर्तनरोधक मुलाम्याचे त्याने काय होईल याची हमी कुणी देत नाही. बदलता येणाऱ्या संरक्षक काचेवर किंवा स्वस्त यूव्ही फिल्टरवरच लावावी. प्लास्टिकच्या डोमवर काचेचे द्रावण मुळीच लावू नये, कारण अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकला सूक्ष्म तडे जाऊ शकतात; प्लास्टिकसाठी वेगळे द्रावण मिळते, आणि रेन-एक्सचेही तसे स्वतंत्र उत्पादन आहे.

ज्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या काचेवर हे द्रावण आधीच लावले आहे, त्यांच्या बाबतीत एक अडचण उरते: त्या काचेवर थुंकी किंवा शॅम्पू नीट धरत नाही, पाणी पसरण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांत गोळा होते, आणि दोन्ही पद्धतींचे दोष एकत्र अनुभवायला मिळतात. टूथपेस्ट किंवा भांडी घासायची पावडर लावून तो थर खरवडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. कव्हर बदलता येत असेल तर नवे, कोरे कव्हर घ्यावे. येत नसेल तर प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन काही आठवडे वापर चालू ठेवावा, थर आपोआप झिजतो. कारखान्यातूनच पाणी झटकणारा मुलामा आलेला असेल तर तो साबणाने जाणार नाही. अशा कव्हरवर थुंकीचा प्रयोग फसला म्हणून निराश न होता कॅमेरा मागच्या दांडीवर चढवावा.